नुसती आकडेमोड!

'तिने काय, नुसती आकडेमोड केली!' विद्वानांच्या तोंडचे हे वाक्य ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. परंतु चौघांनी केलेल्या कामाला तिघांचीच नावे लागली, एवढे समजायला पदवी कशाला हवी?

गोष्ट अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेतली, १९५५ च्या अहवालाची. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांना एक प्रयोग करायचा होता. तोही टेबलावर नव्हे, तर 'मॅनिअॅक' नावाच्या गणकयंत्राच्या पोटात. ६४ कणांची एक माळ कल्पायची. शेजारचे कण जणू स्प्रिंगांनी जोडलेले, पण स्प्रिंगा जरा आडमुठ्या; दुप्पट ताणल्या तरी ओढ नेमकी दुप्पट होत नाही अशा. माळ एका संथ लयीत झुलवून सोडली की तिची ऊर्जा हळूहळू सगळ्या लयींत वाटली जाईल, ही या थोरांची अटकळ. घडले भलतेच! ऊर्जा मोजक्या लयींतच खेळत राहिली आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळी पहिल्या लयीत परत आली.

आता मला सांगा, हे 'घडले' म्हणजे कुठे घडले? यंत्रात माळ नव्हती की झोका नव्हता. होते ते फक्त आकडे. या क्षणाची ६४ स्थाने, पुढच्या क्षणाची पुन्हा ६४. तो ढिगारा जन्मभर न्याहाळला तरी हाती काही लागायचे नाही. त्यातले कोणते टिपायचे ते ठरवावे लागते, त्यांवरून एकेका लयीच्या वाट्याची ऊर्जा काढावी लागते, तिचा आलेख मांडावा लागतो. तेव्हा कुठे ते परतणे डोळ्यांना दिसते. हा प्रश्न यंत्राला त्याच्या भाषेत समजावून देणारी आणि यंत्राकडून तो सोडवून घेणारी बाई म्हणजे मेरी त्सिंगू.

गंमत पाहा. त्या अहवालाच्या पहिल्या पानावर 'काम कोणी केले' याखाली चार नावे आहेत, त्यांत त्सिंगूबाईंचे आहे. 'अहवाल कोणी लिहिला' याखाली मात्र तीनच. बाईंच्या वाट्याला तळटिपेतले आभार. म्हणून मी त्या तिघांना फार दोष देत नाही. (फर्मी तर १९५४ च्या नोव्हेंबरातच वारले होते.) माझे भांडण आहे ते पुढच्या पन्नास वर्षांतल्या पंडितांशी, ज्यांनी पहिले पानसुद्धा धड न वाचता 'फर्मी-पास्ता-उलाम प्रश्न' असे बारसे करून टाकले. बाई १९५८ साली लग्न होऊन मेन्झेल झाल्या, आणि १९७२ साली याच माळेवरचा त्यांचा निबंध टक यांच्यासह प्रसिद्ध झाला तो या नव्या आडनावाने. तीच ही बाई, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल? आपल्याकडच्या लेकीसुनांना यातले काही नव्याने सांगायला नको!

आणि हे एकटीचे गाऱ्हाणे नव्हे. हवामानाच्या गणिताने जगप्रसिद्ध झालेल्या एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९६३ च्या निबंधातही एलेन फेटर यांचे आभारच आहेत, पुष्कळशी गणिते सांभाळल्याबद्दल आणि आकृत्या तयार केल्याबद्दल. हेच लोरेन्झ १९६१ साली चकित झाले होते ते कशाने? यंत्राच्या पोटात ०.५०६१२७, छापील कागदावर ०.५०६. तो छापील आकडा त्यांनी पुन्हा यंत्रात भरला, तर पुढचे सारे हवामान पार निराळे! आकडा कसा टिपला यावर जिथे अख्खे भाकीत उलटते, तिथे आकडे सांभाळणारी बाई नगण्य कशी?

२००८ साली एका फ्रेंच पदार्थविज्ञान्याने 'फिजिक्स टुडे' मासिकात सुचवले, की चौथे नाव जोडा. पुष्कळांनी ते जोडले, काही अजून तीनवरच अडून आहेत. म्हणतात, रूढ झालेले नाव आता कशाला बदलायचे, जुने ग्रंथ आहेत, सूची आहेत, घोटाळा होईल. अहो, आम्ही १९९५ साली अख्ख्या मुंबईचे नाव दुकानांच्या पाट्यांपासून सरकारी शिक्क्यांपर्यंत बदलून घेतले, तरी टपाल वेळेवर येतच होते.