सोरायसिस : त्वचेवरचा आजार, हृदयाची काळजी

दरवर्षी २९ ऑक्टोबर रोजी जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो. आपल्या धर्मग्रामांत त्याची फारशी दखल घेतली जात नाही. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना मात्र खवले धरलेला हात पाहून आपला हात आखडता घेणारे आपल्यात आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने २०१४ सालीच ठरावाद्वारे हा आजार असंसर्गजन्य असल्याचे नमूद केले आहे. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायानुसार ज्यांना अशुद्ध ठरवून वस्तीबाहेर ठेवले जाई, त्यांतील काही जण सोरायसिसचेच रुग्ण असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

सोरायसिस हा केवळ कातडीचा विकार नव्हे. रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि दाह निर्माण होतो. असा दाह रक्तवाहिन्यांनाही अपाय करतो. ब्रिटनमधील सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट असल्याचे त्यात आढळले. (त्या वयात मूळ धोकाच अल्प असतो, हेही ध्यानात घ्यावे.)

या दोन आजारांचा सांधा जनुकांत आहे काय? २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सोरायसिसच्या ११,०२४ आणि हृदयधमनी विकाराच्या ६०,८०१ रुग्णांच्या जनुकीय माहितीची सांगड घालण्यात आली. तीन जनुकीय स्थाने दोन्ही आजारांना समान आढळली. एक स्थान मात्र परस्परविरोधी परिणाम करणारे निघाले. त्याहून विस्मयकारक म्हणजे कार्यकारणाचा ओघ उलट्या दिशेने दिसला : हृदयधमनी विकाराकडे असलेला जनुकीय कलच सोरायसिसचा धोका किंचित वाढवतो. तेव्हा त्वचेने हृदय बिघडवले असे सरसकट म्हणता येत नाही. दोहोंच्या मुळाशी शरीरभर धुमसणारा एकच दाह असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

आमची खरी चिंता वेगळीच आहे. ‘जनुक’ हा शब्द कानी पडताच सोयरीक जुळवणारे सावध होतात. वास्तविक सोरायसिसशी सर्वाधिक निगडित असलेले जनुकरूप ज्यांच्यात आहे, त्यांतील बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. तेव्हा ठरलेले लग्न मोडणाऱ्यांनी निदान विज्ञानाचे नाव पुढे करू नये.

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शिकेत सोरायसिसची गणना धोका वाढवणाऱ्या घटकांत केली आहे. आपल्याकडील रुग्ण वर्षानुवर्षे मलमे बदलत राहतो आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासणे राहून जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडील पुढच्या भेटीत या तीन तपासण्यांची विचारणा रुग्णाने स्वतःहून करावी. धूम्रपान करीत असल्यास तेही सांगावे.