हौसेचा बांध आणि गांवाचा जीव

जुन्नर तालुका सन २०१८ मध्यें पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. असा लौकिक वाढला म्हणजे ओढा अडवून मातीचा बांध घालावा व पाहुण्यांच्या पोहण्याकरितां एखादें तळें करावें, असा मोह जुन्नर-आंबेगांवांतील कोणाही जमीनमालकास होणारच. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु फुटलेल्या बांधाचें पाणी मालकाच्या हद्दींत थांबत नाहीं, तें खालच्या वस्तींत शिरतें. तेव्हां अशा बांधावर नजर कोणाची, हा प्रश्न सर्वांचा आहे.

सन २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांस लागू आहे; १० ते १५ मीटरांचीं धरणें सांठा, लांबी वगैरे ठराविक अटींत बसलीं तरच त्यांत येतात. माणिकडोह, वडज, येडगांव, डिंभें यांसारखीं मोठीं धरणें त्यामुळें कायद्याच्या कक्षेंत आहेत; सहा-सात मीटरांचा खासगी बांध मात्र सहज निसटतो.

मातीचा बांध बहुधा माथ्यावरून पाणी वाहिल्यानें किंवा पोटांतून झिरपल्यानें जातो. मोकळा सांडवा हाच त्याचा प्राण होय. पण हौशी मालकास तळें सदोदित तुडुंब हवें असतें, आणि अनर्थाचें बीज येथेंच आहे. अमेरिकेंत साउथ फोर्क येथें धनिकांच्या एका क्लबानें जुनें मातीचें धरण विहारासाठीं घेतलें. तळाचे नळ पूर्वींच निघाले होते, ते पुन्हां बसविले नाहींत; रस्त्याकरितां माथा खालीं घेतला; मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टींत जाळ्या तुंबल्या, धरण फुटलें आणि २,२०९ माणसें प्राणांस मुकलीं. क्लबावर कायद्यानें कसलीच जबाबदारी आली नाहीं!

दूरची गोष्ट म्हणून ती सोडून देतां येत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें. २ जुलै २०१९ रोजीं चिपळूण तालुक्यांतील तिवरें धरण, ग्रामस्थांनीं गळतीच्या तक्रारी केल्या असतांही, फुटलें. सरकारी धरणांची ही गत, तर ज्याची कोठें नोंदच नाहीं त्या बांधाची हमी कोणी द्यावी? आंबेगांवच्या डोंगरांत पाऊस कसा कोसळतो, हें ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवानें भोगलें आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक खासगी बांधाची ग्रामपंचायतींत व तहशील कचेरींत नोंद व्हावी. मृगापूर्वीं अभियंत्याकडून त्याची पाहणी व्हावी. सांडव्यास जाळी, फळी वा गोणी लावणें गुन्हा ठरावा. आणि मालकाचें नांव बांधावरच लिहिलेलें असावें. जुन्नरच्या लेण्यांत पाण्याच्या पोढ्या देणाऱ्या दात्यांचीं नांवें सुमारें दोन हजार वर्षें दगडावर टिकलीं आहेत. पाण्याच्या कामास आपलें नांव देण्याची या भूमीची रीत जुनीच आहे. पाहुण्यांवर ज्यांचें दुकान चालतें त्या व्यापाऱ्यांनींच ही मागणी प्रथम करावी. कारण एक बांध फुटला तर गांवाबरोबर त्यांची पेठही बुडेल.