सिंधुदुर्गाला तासाभराचे तिकीट पुरत नाही

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की कोल्हापूरची कितीतरी कुटुंबे गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून मालवण गाठतात. सकाळी होडीने सिंधुदुर्ग, दुपारी माशांचे ताट, मग तारकर्लीचा किनारा आणि रात्रीपर्यंत घरी, असा बेत ठरलेला असतो. त्यात किल्ला उभा आहे त्या कुरटे बेटाच्या वाट्याला जेमतेम तास येतो. बहुतेक वेळा ज्या होडीने गेलो तिनेच साधारण तासाभरात परतायचे, अशी तिथली रूढ पद्धत आहे. ती बदलायला हवी. सहल एका दिवसाची असायला काहीच हरकत नाही, पण त्या दिवसातले तीन-चार तास किल्ल्याला देण्याची सोय तिकिटातच असली पाहिजे.

किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आणि तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर नुसता तट फिरण्यातच तास संपतो. म्हणून बहुतेक मंडळी महादरवाजातून आत शिरतात, शिवराजेश्वराचे दर्शन घेतात, विहिरींपाशी फोटो काढतात आणि होडीच्या हाकेसरशी माघारी वळतात. किल्ल्याचे मर्म मात्र तटावर गेल्याशिवाय कळत नाही. सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांचा समुद्रावरचा वचक मोडायचा तर आरमाराला हक्काचे ठाणे हवे, हे ओळखून शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याच्या कामाला हात घातला. बेटाभोवती पाण्याखाली खडक पसरलेले. माहीतगार नसलेल्या जहाजाला तिथे वाट सापडणे कठीण. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. दरवाजा असा वळणात बांधला की जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जागा हीच का निवडली, दरवाजा असाच का बांधला आणि वेढा पडलाच तर आतली माणसे तगणार कशी, हे प्रश्न तटावरून समुद्र न्याहाळताना मुलांना आपोआप पडतात. उत्तरे शोधायला मात्र त्यांना सवड लागते.

कोल्हापूरकरांनी तर याचा आग्रह धरायलाच हवा. हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पुढे परत केला आणि १८१२ च्या तहाने मालवण बंदरासह कायमचा घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये पन्हाळा आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. पन्हाळ्यावर आपण मनाला येईल तितके फिरतो. त्याच मानाच्या दुसऱ्या किल्ल्यावर मात्र घड्याळाकडे बघत धावाधाव करतो.

यावर होडीवाल्यांची अडचण आधी ऐकली पाहिजे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, म्हणजे उरलेल्या महिन्यांतच वर्षाची कमाई करायची. कोण कधी परतणार हे ठरलेले नसेल तर सकाळी होड्या रिकाम्या परततील आणि संध्याकाळी जेटीवर झुंबड उडेल. ही भीती रास्त आहे. म्हणून परतीची वेळ मोकळी न सोडता तिकिटावरच नोंदवावी. ज्यांना तासच हवा त्यांना आजचे तिकीट राहू द्यावे, जास्त थांबणाऱ्यांकडून जास्त दर घ्यावा आणि तो होडीवाल्यांनाच मिळावा. दुसरा आक्षेप बेटाच्या सोसण्याचा. लोक जास्त वेळ थांबले तर एकाच वेळी आतली गर्दी वाढेल, कचरा वाढेल. भोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे, त्यामुळे हा मुद्दा हलका नाही. त्यावर उपाय एकच: एका वेळी बेटावर किती माणसे असावीत याची मर्यादा ठरवणे आणि प्लास्टिकची झडती जेटीवरच घेणे. सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या सोयी तर तासाभरासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही लागतात.

राहिला प्रश्न कुटुंबांचा. एवढ्या लांब आलोय तर सगळेच बघून घेऊ, असे वाटणे स्वाभाविक आहे; घाट पुन्हा कधी उतरणे होईल, खर्च कधी जमेल, याची खात्री नसते. पण चार ठिकाणे उरकण्यात मुलांच्या पदरी फोटोंपलीकडे फारसे काही पडत नाही. तारकर्ली पुढच्या खेपेला ठेवली तर खर्च वाढत नाही, उलट थोडा वाचतोच. जागतिक वारशाचा मान मिळाल्यावर गर्दी वाढणारच आहे. ती वाढायच्या आधी पुरातत्त्व खाते, बंदर खाते, मालवण नगरपरिषद आणि होडीवाले यांनी एकत्र बसून नव्या तिकिटाचे ठरवावे, आणि पुढच्या हंगामाची पहिली होडी त्याच तिकिटावर सोडावी.