गाडी त्यांची, वही माझी

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या भागातल्या बायका दरवर्षी बुलेटवर निघतात. नऊवारी, नथ, भगवा फेटा, डोळ्यांवर गॉगल. फोटो तर इतके झकास येतात! ते बघून आमच्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बायका काय रुबाबदार दिसतात गं मोटारसायकलवर!" मी नुसती हसले. कारण त्यातल्या बऱ्याचशा गाड्या नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर भावाच्या होत्या. यात्रा संपल्याबरोबर किल्ल्या ज्याच्या त्याच्या खिशात गेल्या. पाडवा सरला की बाई पुन्हा मागच्या सीटवर!

मागच्या सीटचा मला चांगला अनुभव आहे. आमच्याकडे 2017 साली मोठी गाडी आली. आमचे हे अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला. कॉलेजात असल्यापासून त्यांना लांब पल्ल्याच्या मोटारसायकलचं वेड. बजाजची डॉमिनार 2016 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनलेली. 373 सीसीचं इंजिन आणि वजन 182 किलो, म्हणजे माझ्या स्कूटरच्या जवळजवळ पावणेदोनपट. रस्त्यावर येईपर्यंत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. "एवढ्यात अख्खं स्वयंपाकघर नवीन झालं असतं," मी म्हटलं. "अगं, हौसेला मोल नसतं," हे म्हणाले.

मोल असतं हो! ते मी वहीत लिहून ठेवते. दूध, पेपर, किराणा, तसं एक पान गाडीचं. घरात मोठी गाडी आली, की खरेदीची रक्कम एकदाच मोजावी लागते, पण सांभाळायची रक्कम दर महिन्याला. लिटरला पंचवीस ते तीस किलोमीटर. वर्षाला सर्व्हिसिंग, इंजिन ऑइल, विमा, पीयूसी. मग अधूनमधून मोठे खर्च. मागचा रुंद टायर बदलायचा तर पाच-सहा हजार. चेन आणि तिची दोन्ही चाकं एकदमच बदलावी लागतात, नाहीतर जुनं नव्याला खातं. शिवाय ब्रेक पॅड, बॅटरी, कूलंट. 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली, तेव्हा त्याची अपॉइंटमेंटही मीच घेतली. साठ हजारांवर किलोमीटर झाले. गाडी यांची खरी, पण तिचं बाळंतपण माझ्या वहीत!

तरी एक गोष्ट कबूल करते. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलण्यापेक्षा एकच गाडी नीट सांभाळणं घराला परवडतं. हप्ते कधीच फिटलेत. त्याचं गुपित काय, तर आपण बायका मिक्सर, शिलाई मशीन वर्षानुवर्षं चालवतो, तेच. घाण साचू द्यायची नाही, तेल वेळेवर घालायचं, आवाज बदलला की दुर्लक्ष करायचं नाही. दर पाच-सहाशे किलोमीटरला चेन पुसून तेल घालणं, पंधरा दिवसांनी टायरची हवा बघणं, या दोन सवयींनी किती पैसे वाचतात! त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसातून गाडी आली की त्याच रात्री चेन कोरडी करून तेल लावायचं, नाहीतर सकाळी गंज हजर. हे मी बघून बघून शिकले.

आणि सुख नाही मिळालं असंही नाही. नांदुरीचा घाट चढून वणीच्या देवीला जाताना, पावसाळ्यात भंडारदऱ्याला, सापुताऱ्याच्या वळणांवर जे वारं तोंडावर येतं, ते गाडीच्या बंद काचेआडून कसं मिळणार? मुलगा हॉस्टेलला गेल्यावर घर सुनं वाटायचं. त्या वर्षी रविवारच्या या फेऱ्यांनीच आम्हा दोघांना पुन्हा बोलतं केलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर हेही काही थोडं नाही.

पण मागच्या सीटची दुःखं पुढच्या सीटला कळत नाहीत. अशा गाड्यांची मागची सीट उंच आणि अरुंद असते. तासाभरात कंबर बोलायला लागते. साडी नेसून एका बाजूला बसणं तर या गाडीवर धोक्याचंच. पदर किंवा ओढणी चाकात, चेनमध्ये गेली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आता मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी बॅगेत ठेवते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. दर तासाला गाडी थांबवायची, हा माझा नियम. चहा प्यायचा नसला तरी!

हेल्मेटची गंमत अशी, की यांच्यासाठी गाडीबरोबरच चांगलं हेल्मेट आलं, माझ्यासाठी मात्र दोन वर्षं "घेऊ की" चाललं होतं. कायद्यात पुढच्याला आणि मागच्याला, दोघांनाही हेल्मेट सांगितलंय. 2021 च्या 15 ऑगस्टपासून आपल्या नाशकात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, अशी मोहीम झाली. तेव्हा पंपावर हेल्मेट घातलेला नवरा आणि मागे उघड्या डोक्याची बायको, अशी किती जोडपी दिसायची! डांबर काय फक्त पुढच्याच डोक्याला लागतं का?

माझे डोळे खरे उघडले ते राहुडच्या घाटात. माहेराहून, धुळ्याहून परत येत होतो. संध्याकाळची वेळ. चांदवडच्या अलीकडे यांची पाठ अशी काही भरली, की गाडी कशीबशी कडेला घेतली आणि हे खालीच बसले. शेजारून ट्रक धडाधड चाललेले, अंधार पडत आलेला, आणि मी त्या 182 किलोच्या गाडीजवळ उभी. पेट्रोल होतं, गाडी धडधाकट होती, पण चालवणारं कुणी नव्हतं. मला ती साधी दोन पावलं ढकलतासुद्धा येईना. शेवटी चांदवडच्या एका नातेवाइकांना फोन केला. ते मुलाला घेऊन येईपर्यंतचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. वर्षानुवर्षं जिचा पैसा न् पैसा लिहिला, तिच्यापुढे मी अगदी परकी होते.

घरी आल्यावर सांगितलं, "मला शिकवा." हे आधी हसले. मग माझा चेहरा बघून गप्प बसले.

माझं लायसन्स विनागिअरचं. गिअरच्या गाडीसाठी वेगळी नोंद लागते, हेही कितीजणींना ठाऊक नसतं. आधी लर्निंग काढलं, मग भाच्याच्या लहान मोटारसायकलवर क्लच-गिअर शिकले, आणि त्यानंतर तपोवनातल्या मोकळ्या रस्त्यावर भल्या सकाळी मोठी गाडी. उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी उभ्या जागी गाडी आडवी झाली. आरसा आणि क्लचची दांडी गेली, पाय थोडक्यात वाचला. पण पडलेली गाडी उचलायची युक्ती तेव्हाच समजली. तोंड गाडीकडे करून कमरेत वाकायचं नाही. हँडल वळवून घ्यायचं, पाठ सीटला टेकवायची, गुडघ्यात बसायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. पाण्याचा हंडा उचलणाऱ्या बाईला हे समजवावं लागत नाही! वजन ताकदीनं कमी आणि तोल साधून जास्त पेलतं. घाट उतरताना नुसता ब्रेक दाबत राहायचं नाही, खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्यायची, हेही कळलं. आज मी हायवेवर धूम ठोकत नाही. पण वेळ आली तर गाडी आणि माणूस दोन्ही घरी आणू शकते.

आता कागदांविषयी. बचत गटाच्या बैठकीत मी हल्ली हा विषय आवर्जून काढते. आरसी कुणाच्या नावावर, विमा कधी संपतो, नॉमिनी कोण, असं विचारलं की बहुतेकजणी एकमेकींकडे बघतात. मैत्रिणींनो, ऐका. गाडीच्या विम्यात मालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं. 2018 पासून ही रक्कम एवढी झाली आहे. पण ते मिळतं ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे त्या गाडीचं लायसन्स आहे, त्याला. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला ते लागू होत नाही. मी यांची गाडी चालवते, तर मलाही नाही! मागे बसणारीसाठी वेगळी रक्कम भरून संरक्षण घ्यावं लागतं. आणि काहीशे रुपये वाचावेत म्हणून कितीतरी घरांत नूतनीकरणाच्या वेळी मालकाचं संरक्षणही काढून टाकतात. ते रुपये कुठं वाचवायचे आणि कुठं नाही, हे घर चालवणारीला जास्त कळतं.

म्हणून आम्ही दोघांनीही स्वतंत्र अपघात विमा घेतला. तेवढं जमत नसेल तर बँकेच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. अठरा ते सत्तर वयाच्या कुणालाही घेता येते. आरसीवरही नॉमिनीचं नाव लावता येतं, 2021 पासून तशी सोय झाली आहे. हे बोलणं अभद्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण वाईट वेळ आल्यावर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायका मी माझ्या कामात बघितल्या आहेत. त्यांच्यापेक्षा हे अभद्र बोलणं पुष्कळ बरं.

"या वयात हे शोभतं का?" असं विचारणारे भेटतातच. थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी 1934 च्या डिसेंबरात लंडनहून मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून पुढच्या वर्षी केपटाउनला पोचल्या. आपल्या पुण्यात 2011 साली 'बाइकरनी' हा मुलींचा मोटारसायकल गट सुरू झाला. पुण्याच्याच रमिला लटपटे 2023 च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. आपल्याला एवढ्या लांब जायचं नाही. आपल्याला राहुडचा घाट उतरता आला तरी बस्स!

तुमच्या घरात मोठी गाडी असेल किंवा चिरंजीव हट्ट धरून बसले असतील, तर सरसकट नाही म्हणू नका आणि डोळे झाकून हो पण म्हणू नका. आधी वर्षाचा खर्च कागदावर मांडायला लावा. पहिल्याच दिवशी दोन हेल्मेट आणा, दोन्ही आयएसआयची. फाईल कपाटात कुठं आहे ते बघून ठेवा आणि विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. निदान गाडी स्टँडवर लावणं, ढकलणं, बंद करणं तरी शिकाच. घराच्या पैशातून जी गोष्ट येते, घराच्या काळजीवर जी टिकते, ती एकट्याची कशी असेल?

पुढच्या पाडव्याला शोभायात्रेत मीही असेन. आमचीच गाडी घेऊन, डोक्यावर हेल्मेट घालून. फेट्याएवढा फोटो चांगला येणार नाही कदाचित. पण यात्रा संपल्यावर गाडी मीच चालवत घरी आणणार आहे, आणि या वेळी मागच्या सीटवर हे असतील!