पदकांआधी पटांगण

स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस १२ जानेवारी हा १९८५ पासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून साजरा होतो. बलोपासनेशिवाय राष्ट्रोत्थान नाही, हा स्वामीजींच्या शिकवणुकीचा गाभा. शासनव्यवस्थेत मात्र या विचाराला स्वतंत्र स्थान मिळण्यास बराच अवधी लागला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने क्रीडा विभाग अस्तित्वात आला, १९८५ मध्ये त्याला युवक कार्याची जोड मिळाली आणि मे २००० मध्ये अटलजींच्या शासनकाळात स्वतंत्र मंत्रालय उभे राहिले.

गेल्या काही वर्षांत या मंत्रालयाने कात टाकली, हे मान्यच करावे लागेल. 'खेलो इंडिया'ने शालेय वयातील गुणवत्ता हेरण्याची पद्धत रूढ केली. जुलै २०२५ मध्ये नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर झाले, ऑगस्टमध्ये क्रीडा संघटनांच्या कारभाराला शिस्त लावणारा कायदा झाला. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले असून २०३६ च्या ऑलिंपिकचे स्वप्न देश उघडपणे पाहू लागला आहे.

परंतु या स्वप्नाचा पाया कोठे आहे? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा राज्यसूचीतील, ३३ व्या नोंदीतील विषय. केंद्रीय मंत्रालय निधी देऊ शकते, प्रशिक्षक देऊ शकते. कांदिवलीत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र त्याने उभेही केले आहे. मात्र घाटकोपरच्या वा मुलुंडच्या मुलाला घराजवळ खेळायला जागा मिळणार की नाही, हे ठरते महापालिकेच्या विकास आराखड्यात. दिल्लीतील धोरण कितीही उत्तम असो, गल्लीतील पटांगण नाहीसे झाले की ते कागदावरच राहते.

मुंबईत दरडोई मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर असल्याचे चालू विकास आराखड्याच्या पूर्वतयारीतच दिसून आले होते. उपनगरातील चाळी पाडल्या जातात, मनोरे उभे राहतात. चाळीपुढच्या अंगणाच्या जागी वाहनतळ येतो. अंधेरी आणि मुलुंड येथे महापालिकेची क्रीडासंकुले आहेत, ती उपयुक्तही आहेत. पण संकुल हा मैदानाला पर्याय नव्हे. संकुलात सदस्य जातात, मैदानावर वस्ती येते. मोकळी मैदाने खाजगी संस्थांकडे देखभालीसाठी सोपविण्याच्या महापालिकेच्या धोरणाला २०१६ मध्ये स्थगिती मिळाली, ती जागरूक नागरिकांनी आवाज उठविल्यामुळेच, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे.

पदके वातानुकूलित सभागृहात घडतात, असा समज अलीकडे दृढ होत चालला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळला नमवून विजेतेपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. खो-खो काय किंवा कबड्डी काय, या खेळांना लागते ती माती, चार रेषा आणि सवंगडी. संघशाखेवर पिढ्यान्पिढ्या हेच खेळ खेळले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तेव्हा पाठीशी कोणतेही मंत्रालय नव्हते.

१९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव हेही समाजाच्याच बळावर गेले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले. शासनाचा अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांच्या निधनानंतर, २००० या वर्षासाठी जाहीर झाला.

तेव्हा मंत्रालयाकडून एक रास्त अपेक्षा आहे : राज्यांना व महानगरांना क्रीडानिधी देताना आरक्षित मैदानांच्या रक्षणाची अट घालावी आणि शाळांची पटांगणे सायंकाळी वस्तीसाठी खुली व्हावीत, यासाठी प्रोत्साहन द्यावे. पण सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. पुनर्विकासाच्या सभेत वाहनतळाचा हिशोब विचारणारे मध्यमवर्गीय कुटुंब मुलांच्या अंगणाविषयी किती वेळा विचारते? शिकवणीच्या वेळेत अर्धा तास वाढतो, तो खेळाच्याच तासातून कापला जातो ना?

राष्ट्राचे सामर्थ्य पदकतालिकेत दिसते हे खरे. ते घडते मात्र सायंकाळी धुळीने माखून घरी परतणाऱ्या मुलांत. ती धूळ उपनगरात शिल्लक ठेवणे, हे मंत्रालयाइतकेच प्रत्येक घराचे कर्तव्य होय.