चाकणमध्ये गाडी तासांनी म्हातारी होते

"मामा, आमच्याच लाइनवरची गाडी आहे, डोळे झाकून घ्या," असं भाचा म्हणाला आणि माझे डोळे खाडकन उघडले. भाचा चाकणच्या प्लँटमध्ये दरवाज्यांना रबर बीडिंग बसवतो. ही गाडी त्याने जन्मात चालवलेली नाही, कामावर जातो कंपनीच्या बसने. पण पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याचा एक सोयरा एमआयडीसीत, तो गाड्यांतला जाणकार!

गाडी म्हणजे फोक्सवॅगन टायगुन. २०२१ अखेरची, दीड लिटर पेट्रोल, सात गिअरचं डीएसजी, एमएच-१४. मीटर ३१ हजार, मागणी साडेदहा लाख. मोशीकडच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानदाराने कॅसेट लावली: "सिंगल ओनर, काका. इंजिनिअरची गाडी. घर ते कंपनी, कंपनी ते घर. बाहेर कुठं नेलीच नाही."

अरे, मग नेली कुठे? निगडी ते चाकण! रोज दोनदा आळंदी फाटा, आंबेठाण चौक, तळेगाव चौक. पुढे ट्रेलर, मागे कंटेनर, मध्ये ही बिचारी. किलोमीटर मोजायला मीटर आहे. उभं राहून काढलेले तास मोजायला काही नाही. त्यामुळे मीटर मागे फिरवलेलं नसलं, तरी आमच्या पट्ट्यात ते अर्धंच खरं बोलतं.

त्यात हा गिअरबॉक्स. यात दोन क्लच आहेत, दोन्ही कोरडे. हायवेवर गिअर असा पडतो की कळतसुद्धा नाही. पण दोन फूट सरका, थांबा, परत दोन फूट सरका, या खेळात तो सारखा हाफ क्लचवर घासत आणि तापत राहतो. पायाने असं चालवणाऱ्याला आपण शिव्या देतो; इथे ते काम मशीन करतं, म्हणून आपण त्याला ऑटोमॅटिक म्हणतो आणि वर पैसे देतो. त्याच वर्षीच्या टायगुनच्या एक लिटर इंजिनाबरोबर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. त्यात ही घसट तेल सोसतं. चाकणला जाणाऱ्याने तो घ्यावा, नाहीतर सरळ मॅन्युअल.

गाडी वाईट नाही, हेही सांगतो. १५० अश्वशक्ती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. तारे धडकेचे असतात. तळेगाव चौकात धडकण्याइतका वेग मिळवून दाखवा! भार कमी असला की हे इंजिन चारपैकी दोन सिलिंडर झोपवतं. आमच्याकडे चारही झोपतात, चालकासकट.

आता कागद. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते असेल आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद केली, तर विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. मी अधिकारपत्र मागितलं. त्याने गुमास्ता दाखवला! आरसी अजून त्या इंजिनिअरच्या नावावर, आणि ड्रॉवरमध्ये त्याच्या सह्यांचे कोरे फॉर्म २९ आणि ३०. एवढा शिकलेला माणूस, पण सह्या ठोकून मोकळा झाला. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय: गाडी कितीही हातांतून गेलेली असो, अपघाताच्या भरपाईला नोंदीवरचा मालक जबाबदार. दुकानातल्या पोराने उद्या ट्रायल देताना कोणाला उडवलं, तर नोटीस इंजिनिअरच्या दारात.

भावाचंही बोललो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायगुनवरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला, मग जुनी का उतरत नाही? "जुन्याला कसला जीएसटी, काका?" म्हणे.

टोकनचे ११ हजार परत खिशात घातले आणि निघालो. भाचा आठवडाभर बोलत नव्हता. गाडी अजून तिथेच उभी आहे. काचेवर आता दहा लाख लिहिलंय.