सुरकुती उमटण्याआधीच सुई कशासाठी?

लग्नसराई तोंडावर आली की त्वचेच्या दवाखान्यांच्या जाहिरातींना जोर चढतो. त्यांत हल्ली 'प्रिव्हेंटिव्ह बोटॉक्स' आणि 'बेबी बोटॉक्स' हे शब्द दिसू लागले आहेत. सुरकुती उमटण्याआधीच इंजेक्शन घ्या, म्हणजे ती उमटणारच नाही, असं विशी-पंचविशीतल्या मुलींना सांगितलं जातं. माझं नाशिकच्या इंदिरानगरात औषधांचं दुकान आहे. सनस्क्रीन घ्यायला आलेल्या मुली काउंटरवर विचारतात, "काकू, आत्ताच सुरू केलं तर पुढे कमी लागेल ना?" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आज कोणाकडेच नाही. तरीही ते असल्यासारखा या इंजेक्शनांचा धंदा चालू आहे, हे मला मान्य नाही.

हे औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप ते अडवतं आणि स्नायू तीन-चार महिने सैल पडतो. कपाळाला आठी पडली नाही तर तिथली रेघ खोल होणार नाही, हा तर्क चुकीचा नाही. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. या दाव्यासाठी नेहमी पुढे केला जातो तो 2006 साली प्रसिद्ध झालेला जुळ्या बहिणींचा अभ्यास. एकीने 13 वर्षं नियमित इंजेक्शनं घेतली होती, दुसरीने फक्त दोनदा. पहिलीच्या कपाळावर रेघा कमी होत्या, हे खरं. पण अभ्यास त्या दोघींपुरताच होता. दोन बायकांच्या चेहऱ्यांवरून नाशिकच्या हजारो मुलींना सल्ला कसा देणार? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 मध्ये सौंदर्यासाठी याला पहिली परवानगी दिली, तीही प्रौढांच्या भुवयांमधल्या मध्यम ते तीव्र रेघा तात्पुरत्या कमी करण्यासाठी. रेघ नसलेल्या कपाळाचा त्यात उल्लेखही नाही.

हिशोबही मांडून बघा. परिणाम सलग टिकवायचा तर वर्षातून तीन इंजेक्शनं धरावी लागतात. पंचविशीत सुरुवात केली तर पन्नाशीपर्यंत 75 वेळा सुई टोचून घ्यायची. मध्येच थांबलं की स्नायू पुन्हा हलू लागतो. इतकी वर्षं सतत सैल ठेवलेला स्नायू बारीक होत जातो, काहींच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, औषध शेजारच्या स्नायूत उतरलं तर पापणी काही आठवडे खाली येते. पॅकेजचा भाव सांगताना हे कोणी सांगतं का?

या औषधाशी माझं वैर नाही. पापण्यांची सततची उघडझाप, जुनाट अर्धशिशी, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे ताठरलेले पाय, अशा ठिकाणी ते मोठा आधार आहे. चाळिशीतल्या एखादीने विचार करून कपाळावरची रेघ घालवली, तर तो तिचा प्रश्न. "आमचा चेहरा, आमचा पैसा," असं मुली म्हणतात, तेही बरोबर आहे. पण निवड करायची तर माहिती पुरी हवी.

चेहरा अकाली रापतो, सुरकुततो, त्यामागचं मोठं कारण ऊन आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात 55 वर्षांखालच्या सुमारे 900 लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली आले. साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांच्या त्वचेचं वय वाढणं इतरांपेक्षा 24 टक्के कमी भरलं. त्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासाशी याची तुलना करा. आपल्या मुली स्कूटीवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून गंगापूर रोडने जातात, त्यांनी अर्धं काम आधीच केलेलं असतं. दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला मात्र सनस्क्रीनची ट्यूब परवडत नाही. प्रतिबंधाची खरी गरज तिला आहे.

सुई कोणाच्या हातात आहे, हेही बघायला हवं. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून सौंदर्योपचार करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच बजावलं आहे. अमेरिकेत 2024 मध्ये बनावट बोटॉक्स टोचल्यामुळे बायकांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. कुपी थंड ठेवावी लागते, औषध पातळ करण्याचं प्रमाण काटेकोर असतं. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक मुलीला मी सांगते: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचार, कुपी तुझ्यासमोर उघडायला सांग, तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत वाच, किती युनिट दिली ते कागदावर लिहून घे. यावर कोणी चिडलं तर तिथून उठून ये.

इंग्लंडने 1 ऑक्टोबर 2021 पासून 18 वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी हे इंजेक्शन द्यायला कायद्याने बंदी केली. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं. शिवाय सुरकुती नसलेल्या व्यक्तीला हे औषध देण्यापूर्वी 'प्रतिबंधाचा पुरावा अपुरा आहे' हे मराठीत लिहिलेल्या संमतिपत्रावर तिची सही घेणं बंधनकारक करावं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. त्या संमतिपत्राचा नमुना विद्यापीठाने तयार करावा आणि अन्न व औषध प्रशासनाने दवाखान्यांतल्या कुप्यांची खरेदी बिलं तपासायला सुरुवात करावी, अशी माझी या पत्राद्वारे मागणी आहे.

— एक औषधविक्रेती, इंदिरानगर, नाशिक